ओढ्याकाठची ती झाडं वेखंड आहेत का, आणि पाच गुंठे लावावेत का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जांबोटी रस्त्याला तुमचं भातशेत आहे. त्याच्या खालच्या दोन खाचरांत, ओढ्याच्या बाजूनं, कमरेएवढी, तलवारीसारख्या पानांची झाडं दरवर्षी आपली आपण फुटतात. सासूबाई म्हणतात वेखंड, शेतावरचे मामा म्हणतात पाणकणीस. मोबाइलवरच्या झाडं ओळखणाऱ्या ॲपमध्ये फोटो टाकला तर ते एकदा आयरिस सांगतं, एकदा लव्हाळा. गेल्या जूनमध्ये तुम्ही बाजारातून पावशेर वेखंड आणून ओलीत पुरलं, त्यातलं एकही उगवलं नाही. आता तुम्ही विचारताय की ही झाडं खरंच वेखंड असतील तर पाच गुंठे लावायला हरकत नाही ना, कारण 'आमच्याकडे पाऊस भरपूर आहे.'

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातच, मलप्रभेच्या अंगाला, चौदा वर्षं वेखंड लावतोय. तेवढ्या अनुभवावर सांगतो: ओळखीचा प्रश्न अर्ध्या तासात सुटेल. तुमचं खरं कोडं त्या शेवटच्या वाक्यात आहे. पाऊस भरपूर असणं वेगळं आणि वेखंडाला लागतं तसं पाणी असणं वेगळं. त्याच्याकडे पुढे येतो, आधी ओळख.

तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मी हो किंवा नाही म्हणणार नाही. पाण्याकाठी उभी, लांब, हिरवी पानं असलेली पाच-सहा झाडं आपल्याकडे आहेत आणि फोटोत ती बहिणी-बहिणी दिसतात. वेखंड डोळ्यांनी ओळखायचं झाडच नाही, ते नाकानं ओळखायचं. संस्कृतात त्याला वचा म्हणतात, पण दुसरं नाव आहे उग्रगंधा, आणि ते अगदी नेमकं आहे. एक पान बुडापासून तोडा, खालचा चार बोटांचा भाग चुरडा आणि हुंगा. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर जो वास येतो, धुरीचा आणि बाळाच्या टाळूवर भरलेल्या पुडीचा, त्यातला मुख्य वास हाच. गोडसर, तिखट, थोडा कापरासारखा नाकात चढणारा. हात धुतल्यावरही बोटांना राहतो. हा वास सासूबाईंच्या नाकात पक्का बसलेला असणार, म्हणून चुरडलेलं पान आधी त्यांच्या हातात द्या.

इथे एक सावधगिरी हवी. वास आला म्हणजे वेखंडच, असं नाही. ओढ्याकाठी वाळाही असतो, नागरमोथाही असतो, आणि दोन्हीला वास आहे. पण वाळ्याचा वास मुळांत असतो, पान चुरडलं तर साधं गवत. नागरमोथ्याचा वास मातीतल्या गाठींत असतो, पानात नाही. वेखंडाचं पानही वास देतं आणि जमिनीतला भागही. दोन्हीकडे एकच वास येतो, हे मी वेखंडाचं सगळ्यात खात्रीचं लक्षण मानतो.

मग पान अंगठ्याखाली धरून बुडापासून शेंड्याकडे फिरवा. वेखंडाच्या पानाला लांबीभर एक उठावदार शीर लागते, दोन्ही बाजूंनी हाताला जाणवणारी, आणि बऱ्याचदा ती बरोबर मध्यावर नसते, एका कडेला सरकलेली असते. दोन्ही कडा धारेसारख्या पातळ. एखाद्या पानाची एक कड थोड्या अंतरापर्यंत निऱ्या पडल्यासारखी चुणलेली दिसते. बुडाशी पानं एकात एक खोचून दोनच रांगांत, हातपंख्यासारखी चपटी बसलेली असतात, आणि तिथला रंग गुलाबीसर असतो.

आता मामांच्या पाणकणसाकडे. त्याचं पान अंगानं जाड आणि स्पंजासारखं, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. मधली शीर नाही. आडवं कापलंत तर आत मधाच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे दिसतात. वास काहीच नाही. पाणकणीस माणसाच्या डोक्यावर जातं आणि काठीच्या टोकाला ते ओळखीचं तपकिरी, मखमली कणीस धरतं. वेखंडाचं कणीस अगदी निराळं, बोटाएवढं, हिरवट पिवळं, आणि शेंड्यावर नाही तर पानासारख्या दांड्याच्या मधूनच एका बाजूला तिरकं निघालेलं. ते दिसलं तर शंका संपली. पण त्यासाठी थांबू नका, पाय पाण्यात नसले तर वेखंड वर्षानुवर्षं फुलत नाही.

लव्हाळ्याचा दांडा दोन बोटांत फिरवा, तीन कंगोरे लागतात. वेखंडाला तसा दांडा नसतो. आयरिसची पानं पंख्यासारखी असतात हे खरं आणि ॲप तिथेच फसतं, पण तिच्या पानाला तो वास नाही. सुदर्शनही ओढ्याकाठी वाढतं. त्याची पानं रुंद, आणि उपटलं तर खाली कांद्यासारखा गड्डा निघतो. सुदर्शन विषारी आहे, त्याची चव घेऊन बघू नका. खरं तर ओळखण्यासाठी कुठल्याच झाडाची चव घेऊ नका.

शेवटी एक झाड खणून काढा. वेखंड चिखलात आडवं सरकत जातं. जमिनीतलं ते खोड, ज्याला आम्ही कांडं म्हणतो, अंगठ्याएवढं जाड, वरून तपकिरी-गुलाबी, आतून पांढरं आणि किंचित भुसभुशीत असतं. वरच्या अंगाला गळलेल्या पानांचे त्रिकोणी वण एकापुढे एक, खालच्या अंगाला मुळांचे गोल ठिपके. षड्ग्रंथा, म्हणजे सहा गाठींची, हे त्याचं आणखी एक जुनं नाव या गाठींवरूनच आलंय. मामांना 'बजे' म्हणून विचारून बघा. कानडीत वेखंडाला बजे म्हणतात, आणि आपल्या भागात निम्म्या झाडांची नावं माणसांना कानडीतूनच आठवतात. मराठी नावाला नाही म्हणणारा माणूस बजे म्हटल्यावर लगेच हो म्हणतो, हे मी पाहिलंय.

सासूबाईंच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. वेखंड आपल्याकडे बियांनी पसरताना मी कधी पाहिलं नाही. ते कांड्यानं पुढे सरकतं, किंवा कुणीतरी तुकडा नेऊन लावतं. त्यामुळे ओढ्याकाठी वेखंडाचं बन दिसलं की ते बहुधा कुणाच्या तरी हातचं असतं. पूर्वी ज्या घरात बाळंतपणं व्हायची त्या घराच्या पाटाशी चार कांडी लावलेली असायची. त्यांना विचारा, त्यांच्या सासूबाईंनी तिथे काही लावलं होतं का.

एवढं करूनही शंका राहिली तर अख्खं झाड कांड्यासकट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बेळगावला न्या. शहापूरला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे द्रव्यगुणाचे, म्हणजे औषधी वनस्पती शिकवणारे, शिक्षक ओळखून देतील. नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथलं कामही औषधी वनस्पतींवरचंच आहे. नुसतं पान नेऊ नका.

तुमचं बाजारचं वेखंड का उगवलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. ते वाळवलेलं होतं. काष्ठौषधीच्या दुकानातला तुकडा महिनोन्‌महिने सुकलेला असतो, त्यातला डोळा मेलेला असतो. ते खत-पाण्यानं जागं होत नाही. लागवडीला जिवंत, ओलं, शेंड्याला कोंब असलेलं कांडंच लागतं. मी सुरुवातीला एका पुरवठादाराकडून पोतंभर ओली कांडी मागवली होती. त्यात निम्मी कुळंजनाची, म्हणजे आल्याच्या कुळातल्या दुसऱ्याच झाडाची, निघाली. कुळंजनाच्या कांड्याला सगळीकडून गोल वळी असतात, रंग तांबूस आणि वास आल्याकडे झुकणारा. तेव्हापासून मी प्रत्येक तुकड्याच्या वरच्या अंगाचे त्रिकोणी वण बघितल्याशिवाय कांडं चिखलात घालत नाही.

आता पाणी. माझं पहिलं वर्ष सांगतो, म्हणजे मी यावर एवढा जोर का देतोय ते कळेल. घरामागच्या वरच्या खाचरात, तांबड्या मातीत, जूनमध्ये मी तीन गुंठे लावलं. ऑगस्टमध्ये बघायला माणसं यायची इतकं सुंदर आलं होतं. ऑक्टोबरपर्यंत कमरेला लागलं. डिसेंबरअखेर शेंडे पिवळे पडू लागले आणि मार्चमध्ये सगळं आडवं झालं. झाड मेलं नव्हतं, पुढच्या पावसात पुन्हा फुटलं. पण खणून बघितलं तर कांडी करंगळीएवढी, आतून पोकळ. वीस पावलांवर पाटाच्या तोंडाशी उरलेली रोपं नुसती टोचून ठेवली होती, तिथे बारा महिने पाणी पाझरत होतं. तिथली कांडी अंगठ्याहून जाड निघाली. रोपं तीच, महिना तोच, हातही माझेच. फरक फक्त जानेवारी ते मे या पाच महिन्यांच्या पाण्याचा.

याचं कारण मला असं समजलं. पावसाळ्यात पाणी असतं, पण ऊन नसतं. कणकुंबी-जांबोटीकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. पानं उंच होतात, पण कांड्यात साठवण थोडीच होते. दिवाळीनंतर आभाळ मोकळं होतं आणि पानं अन्न तयार करायला खऱ्या अर्थानं लागतात. नेमकं तेव्हाच आपल्या जांभ्याच्या जमिनीतून पाणी निघून जातं. वेखंडाची मुळं चिखलातली, वरच्या थरातली. आतून हवा खेळवायची सोय असल्यामुळे ती गुदमरवणाऱ्या चिखलात जगतात, पण ज्वारीसारखी खोल ओल शोधत जात नाहीत. म्हणून कांडं भरायच्या दिवसांतच ते उपाशी राहतं. येळ्ळूरकडच्या काळ्या रानात भातानंतर ओलीवर मसूर होते म्हणून तिकडचे एक-दोघे म्हणाले की आमच्याकडे वेखंडही होईल. मसुरीला पुरणारी ओल वेखंडाला पुरत नाही. त्याला ओल नको, पाणी हवं.

हिशेब करून बघा. एप्रिलच्या उन्हात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडतं. पाच गुंठे म्हणजे साधारण पाचशे चौरस मीटर. नुसतं उन्हानं रोज अडीच ते तीन हजार लिटर जाणार, झिरपतं ते वेगळं. तुमचा ओढा मार्चमध्ये वाहता असेल, किंवा विहिरीला तेवढं पाणी उरत असेल, तर पाच गुंठे मनात आणा. नसेल तर जिथे झरा आहे तेवढ्याच दोन वाफ्यांपुरतं लावा आणि त्यात समाधान माना. हे तुमच्या जागेवर अवलंबून आहे आणि दुसरं कुणी ते तुमच्यासाठी ठरवू शकणार नाही.

पाणी कुठलं, हेही बघा. तुमचा ओढा डोंगराकडून येतो, त्याला अडचण नाही. पण शहराचं किंवा कारखान्याचं सांडपाणी मिसळलेल्या नाल्यावर वेखंड लावू नये. पाणथळीतली झाडं पाण्यातले जड धातू ओढून घेतात, आणि हे शेवटी औषधात जाणारं पीक आहे.

लागवडीची पद्धत भाताची माहिती असणाऱ्याला अवघड नाही. खाचर नांगरून चांगली चिखलणी करायची. गुंठ्याला शंभर-दीडशे किलो नीट कुजलेलं शेणखत चिखलणीआधी मिसळायचं. रोपलागणीच्या दिवसांतच, म्हणजे जूनअखेर ते जुलै, कोंब असलेले शेंड्याकडचे तुकडे फुटाफुटावर, दोन इंच खोल, कोंब वर राहील असे बसवायचे. एका फुटावर घेतलं तर गुंठ्याला अकराशेच्या आसपास तुकडे लागतात, पाच गुंठ्यांना साडेपाच हजार. एवढी कांडी विकत आणायच्या फंदात पडू नका. पहिल्या वर्षी अर्धा गुंठा लावा. माझ्याकडे एका तुकड्याला वर्षात चार ते सहा चांगले फुटवे येतात, म्हणजे दुसऱ्या वर्षी दोन-अडीच गुंठ्यांचं बेणं घरचंच तयार होतं. तोवर तुमची जमीन उन्हाळ्यात काय करते हेही कळलेलं असतं.

सुरुवातीला दोन इंच पाणी ठेवा, रोपं धरली की चार इंचांपर्यंत वाढवा. जोरदार पावसात बांध फुटून ताजे तुकडे वाहून जातात. माझे दोनदा गेलेत, म्हणून सांडवा आधी नीट करा. पहिली भांगलण महिन्यानं, मग चार-पाच महिने दर महिन्याला. प्रत्येक भांगलणीला एक काम न चुकता करायचं: झाडाच्या बुडाशी पायानं किंवा हातानं दाबून ते चिखलात पुन्हा बसवायचं. कांडं वर उचलत येतं, उघडं पडलं की हिरवं होतं आणि भरत नाही. मजुरांना हे दाखवून द्यावं लागतं, कारण भातात आपण असं करत नाही.

कीड फारशी नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पानांच्या बेचक्यात आणि मुळांवर पांढरा पिठ्या ढेकूण बसतो. ती पानं काढून जाळायची आणि पाणी पुन्हा चढवायचं, एवढ्यावर माझं भागलंय. जनावरांचा त्रास नाही. माझ्या म्हशींनी बांधावरचं सगळं खाल्लं, वेखंडाला तोंड लावलं नाही.

वर्षभरानं खालची पानं पिवळी पडून वाळू लागली की पीक तयार. चार दिवस पाणी तोडा, पण चिखल पूर्ण सुकू देऊ नका, सुकलेल्या तांबड्या मातीतून कांडी तुटून निघतात. कुदळीनं बाजूनं खणून आख्खं आडवं खोड उचलायचं. शेंडे बेण्याला बाजूला काढायचे, बाकी धुऊन, मुळं काढून, दोन-तीन इंचांचे तुकडे करायचे. कडक उन्हात टाकू नका, वासाचं तेल उडतं. सावलीत, वाऱ्यावर, खाली काहीतरी अंथरून वाळवा. वाळल्यावर गोणपाटात घालून घोळलं की वरची सालपटं निघतात. ओल्याचा तिसरा-चौथा हिस्साच उरतो, हे विकणाऱ्यानं आधीच धरून चालावं. कर्नाटकात तुमकूरकडे कोरटगेरे तालुक्यात हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतात, व्यापाऱ्यांचं लक्ष तिकडे असतं. आपल्याकडे घेणारा आपणच शोधावा लागतो. भावाचा आकडा मी लिहीत नाही, तो हलता असतो. घेणारा ठरल्याशिवाय अर्ध्या गुंठ्याच्या पुढे जाऊ नका, एवढं मात्र कळकळीनं सांगतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण घरात सासूबाई आहेत आणि उद्या अंगणात वेखंड असेल म्हणून लिहितो. बाळाला जीभ लवकर फुटावी म्हणून वेखंड उगाळून चाटवायची पद्धत आपल्या दोन्ही भाषांच्या घरांत आहे. आमच्याही घरी होती. वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसरोन नावाचं द्रव्य असतं आणि आशियातल्या वेखंडात ते भरपूर असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं कर्करोगाच्या गाठी झाल्या, आणि १९६८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानं खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. आपल्याकडचे वैद्यही कच्चं वेखंड पोटात देत नाहीत, आधी शोधन, म्हणजे त्यातला दोष कमी करायची प्रक्रिया, करतात. आयुर्वेदात ते उलटी करवणाऱ्या औषधांत मोजलंय, म्हणजे जास्त गेलं तर काय होईल ते त्यांना तेव्हाच माहीत होतं. शेतातून काढलेलं ताजं कांडं तर दुकानातल्या जुन्या तुकड्याहून कितीतरी तेज असतं. धान्यात ठेवा, पुस्तकांत ठेवा, मोठ्यांना सर्दीत कपाळावर लेप करा. तान्ह्याच्या तोंडात मात्र डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय घालू नका. माझ्या नातवंडांना आम्ही चाटवलं नाही, आणि दोघंही वेळेवर बोलली.

आता तुम्ही पहिल्यांदा हे करा. आज-उद्या पान चुरडून वास घ्या आणि एक झाड खणा. वेखंड नसेल, पाणकणीस निघालं, तर ते काढायच्या मागे लागू नका, तुमच्या ओढ्याचा काठ तेच धरून ठेवतंय. वेखंड निघालं तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अनवाणी पायानं त्या दोन्ही खाचरांत जा. टाच रोवल्यावर पाणी वर येतं का बघा, आणि वीतभर खड्डा घेऊन तासाभरानं त्यात काय दिसतं ते बघा. पाणी दिसलं तर जूनला बेणं बाहेरून आणायचंच नाही. तुमच्याच ओढ्याकाठचे शेंडे घ्या, त्या मातीला आणि त्या पाण्याला ते आधीच सरावलेले आहेत. वास कसा आला आणि सासूबाई काय म्हणाल्या, ते इथेच लिहा. मी वाट बघतोय.